अहिंसा आणि अंतर : लोरिसच्या निमित्ताने

प्राणिमात्रावर दया करावी या उपदेशाला मराठी धर्मपरंपरेत क्वचितच कोणी विरोध केला असेल; परंतु दया करणे म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न त्या मानाने फार कमी वेळा विचारला गेला आहे. भुकेल्याला अन्न देणे, तहानेल्याला पाणी पाजणे, जखमीवर उपचार करणे आणि भ्यालेल्याला जवळ घेणे ही दयेची परिचित रूपे असून, दया करणाऱ्याचा हात दुसऱ्या जीवापर्यंत पोहोचतो आणि तो पोहोचणे इष्टच असते, असे या सर्व रूपांत गृहीत धरलेले असते. ज्या जीवाला तो हात पोहोचणे हीच पीडा आहे, त्याच्या बाबतीत भूतदयेचा अर्थ काय उरतो, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. आग्नेय आशियात व भारताच्या ईशान्य भागात राहणारा मंद लोरिस आणि सह्याद्रीत राहणारा त्याचा कृश आप्त हे दोन प्राणी हा प्रश्न इतक्या स्पष्टपणे उभा करतात, की धर्मचिंतकाला तो टाळता येऊ नये.

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील श्रीपूरसारख्या गावातून या प्रश्नाकडे पाहण्याला एक विशेष प्रयोजन आहे. श्रीपूरच्या परिसरात लोरिस नाही आणि तेथील कोरड्या हवामानात तो असण्याचा संभवही नाही. मात्र अहिंसेचा विचार तेथे दरवर्षी पायी चालत येतो. देहूहून निघालेली संत तुकाराम महाराजांची पालखी अकलूज, माळीनगर, श्रीपूर आणि बोरगाव या वाटेने पंढरपूरकडे जाते, तर आळंदीची संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी याच तालुक्यातील नातेपुते, माळशिरस आणि वेळापूर या गावांतून जाते. याच तालुक्यातील दहिगाव हे दिगंबर जैनांचे अतिशय क्षेत्र, म्हणजे चमत्कारांच्या श्रद्धेने प्रसिद्ध झालेले तीर्थस्थान, आहे. ज्या भूमीत भागवत आणि जैन अशा दोन्ही अहिंसापरंपरा शेजारी नांदतात, तेथे ‘जो प्राणी कधी दिसणार नाही आणि ज्याचा काही उपयोग नाही, त्याच्याविषयी कर्तव्य कोणते’ हा प्रश्न अप्रस्तुत ठरत नाही.

प्रथम या प्राण्याचे स्वरूप पाहणे आवश्यक आहे. माणूस, माकड आणि वानर ज्या नरवानर गणात मोडतात त्याच गणात लोरिसही मोडतो. मात्र तो त्या गणाच्या प्राचीन शाखेतील, मादागास्करच्या लेमूरचा नातलग आहे. तो निशाचर असल्यामुळे त्याचे डोळे चेहऱ्याच्या मानाने फार मोठे असतात आणि अंधारात थोडाही प्रकाश वाया जाऊ नये म्हणून त्यांच्या मागील बाजूस प्रकाश परतवणारा पडदा असतो. त्याला उड्या मारता येत नाहीत. एक फांदी घट्ट धरून दुसरीकडे हात लांबवायचा आणि ती हाती आल्यावरच पहिली सोडायची, अशा रीतीने तो चालतो. त्यामुळे लागून लागून उभ्या असलेल्या झाडांच्या फांद्यांचे अखंड छत हीच त्याची वाट असते, आणि ते छत तुटले की त्याला जमिनीवर उतरावे लागते, जेथे तो कुत्र्यांपुढे आणि वाहनांपुढे निरुपाय होतो. मादीला एका वेळी एक किंवा दोनच पिले होतात आणि गर्भकाळ सुमारे साडेपाच ते सहा महिन्यांचा असतो. इतक्या संथ प्रजननामुळे एकदा घटलेली संख्या लवकर भरून येत नाही.

मंद लोरिस प्रामुख्याने झाडाचा डिंक, फुलांतील मध आणि कीटक यांवर जगतो. डिंक मिळवण्यासाठी तो खालच्या पुढील दातांनी सालीला खाचा पाडतो. त्याचे सर्वांत असामान्य वैशिष्ट्य म्हणजे विष. दंडाच्या आतील बाजूस, कोपराजवळ, असलेल्या ग्रंथीतून स्रवणारा द्रव चाटून तो लाळेत मिसळतो आणि मग चावतो; या चाव्याने जखम चिघळते व क्वचित माणसाच्या जिवावर बेतेल इतकी तीव्र अ‍ॅलर्जी होऊ शकते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, जावा बेटावरील दीर्घकालीन अभ्यासाने असे दाखवले, की हे विष तो बहुतांशी स्वजातीयांशी होणाऱ्या भूमीच्या भांडणांत वापरतो. भारतात या गटातील बंगाली मंद लोरिस आसाम, मेघालय, अरुणाचल प्रदेश, त्रिपुरा, मिझोराम अशा ईशान्येच्या राज्यांत आढळतो. दक्षिण भारतातील कृश लोरिस मात्र निर्विष समजला जातो. तो वजनाने सुमारे पाव किलोचा, काटकुळ्या हातापायांचा आणि मुख्यतः मुंग्या, वाळवी, भुंगे खाऊन जगणारा आहे. त्याचा मलबारी उपप्रकार पश्चिम घाटाच्या दमट अरण्यात राहतो आणि महाराष्ट्रातील त्याच्या नोंदी गोव्याच्या सीमेलगतच्या दोडामार्ग-तिलारी भागातून आहेत. मराठी मुलखाच्या दृष्टीने लोरिसचा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहतो तो येथे.

माणसाचा हात या प्राण्यापर्यंत तीन प्रेरणांनी पोहोचतो : भय, लाभ आणि लाड. भयाचा हात सर्वांत जुना आहे. रात्री फांदीवर निश्चल बसून टक लावून पाहणाऱ्या या प्राण्याला दक्षिण भारतात अनेक ठिकाणी अपशकुनी ठरवले गेले, आणि त्याच्या डोळ्यांना व अवयवांना करणीच्या विधींत स्थान मिळाले. लाभाचा हात औषधाच्या नावाने येतो. दक्षिण व आग्नेय आशियातील पारंपरिक उपचारांत नेत्ररोगापासून बाळंतिणीच्या अशक्तपणापर्यंत निरनिराळ्या तक्रारींवर लोरिसचे अवयव वापरले गेले आहेत, ज्यांच्या गुणाला कोणताही शास्त्रीय आधार नाही. या दोन्ही हातांची हिंसा उघड असल्यामुळे तिचा निषेध करणे कठीण नाही. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत दोन्ही लोरिसांना सर्वोच्च संरक्षण आहे, तर महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने अघोरी प्रथांना गुन्हा ठरवले आहे. पहिला कायदा प्राण्याचा जीव वाचवतो आणि दुसरा माणसाची फसवणूक थांबवतो. परंतु ज्या भयावर भोंदूचा धंदा चालतो त्याच भयावर लोरिसची शिकारही चालते, म्हणून दोहोंचे मूळ एकच मानावे लागते.

तिसरा हात तात्त्विक दृष्ट्या सर्वांत अडचणीचा आहे, कारण तो दयेसारखा दिसतो. २००९ साली एका बुटक्या मंद लोरिसला गुदगुल्या करणारी चित्रफीत इंटरनेटवर आली आणि लक्षावधी लोकांनी ती कौतुकाने पाहिली. हात वर करून निश्चल पडलेला तो प्राणी सुखावला आहे, असेच बहुतेकांना वाटले. वस्तुस्थिती अशी आहे, की हात डोक्यावर नेणे ही लोरिसची संरक्षणाची ठेवण असून तिच्यामुळे दंडावरील ग्रंथी तोंडाजवळ येते. म्हणजे जो आनंद म्हणून पाहिला गेला ते भय होते. अशा चित्रफितींमुळे लोरिस पाळण्याची हौस वाढते, ती हौस पुरवण्यासाठी रानातून पकडलेल्या प्राण्यांचे विषारी दात नखे कापण्याच्या चिमट्याने तोडले जातात, आणि त्या जखमांनी अनेक प्राणी दगावतात. जे वाचतात त्यांना डिंक खरवडता येत नाही व स्वतःचे रक्षण करता येत नाही, त्यामुळे त्यांना पुन्हा रानात सोडणे बहुधा अशक्य होते. २००७ साली वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या पहिल्या परिशिष्टात सर्व मंद लोरिस घातले गेले, म्हणजे त्यांचा व्यापारी क्रयविक्रय देशोदेशीच्या सीमांवर निषिद्ध झाला. तरीही हा व्यापार पूर्णपणे थांबलेला नाही. येथे प्रश्न क्रूर माणसांचा राहत नाही. चित्रफीत पाहून हसणारा, ती पुढे पाठवणारा आणि ‘किती गोड’ असे म्हणणारा माणूस स्वतःला प्राणिप्रेमीच समजतो, आणि त्याच्या प्रेमाची किंमत तो प्राणी मोजतो.

मराठी संतकथांकडे या प्रश्नासह वळल्यास एक गोष्ट लक्षात येते. रामेश्वरासाठी नेत असलेले गंगाजल तहानेल्या गाढवाला पाजणारे एकनाथ आणि भाकरी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे तूप घेऊन धावणारे नामदेव, या भूतदयेच्या सर्वश्रुत कथा आहेत. त्यांचे नैतिक सामर्थ्य निर्विवाद आहे. मात्र गाढव आणि कुत्रा हे दोन्ही माणसाच्या सोबतीत वाढलेले प्राणी आहेत, त्यांची तहानभूक माणसाच्या व्यवस्थेशी बांधलेली आहे, आणि म्हणून माणसाचा हात त्यांच्यापर्यंत पोहोचणे हे त्यांच्या हिताचे असते. वन्य जीवाच्या संदर्भात अधिक उपयुक्त ठरते ती तुकोबांच्या चरित्रकथांत सांगितली जाणारी पाखरांची कथा. तुकोबांची चाहूल लागताच दाणे टिपणारी पाखरे उडाली, तेव्हा आपल्यात अजून परकेपण उरले आहे असे मानून ते पाखरांना हाका मारत बसले नाहीत किंवा दाणे दाखवून त्यांना बोलावत बसले नाहीत. ते निश्चल उभे राहिले, आणि काही काळाने पाखरे परत येऊन त्यांच्या अंगावर बसली. कथेचा शेवट भक्तीच्या चमत्काराचा आहे आणि तो लोरिसला लागू करता येणार नाही, कारण लोरिसने कोणाच्या अंगावर बसण्याची अपेक्षा धरणे हाच मूळ दोष आहे. परंतु कथेच्या पूर्वार्धात एक सूक्ष्म नीती आहे : दुसऱ्या जीवाच्या भयाची जबाबदारी संत त्या जीवावर न टाकता स्वतःकडे घेतो, आणि तिचे निवारण कृतीने न करता कृती थांबवून करतो.

या नीतीचे सर्वांत सविस्तर विवेचन १२९० साली सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात सापडते. गीतेने ज्ञानाच्या लक्षणांत अहिंसेचा नुसता निर्देश केला आहे. ज्ञानेश्वरांनी मात्र त्या एका शब्दावर दीर्घ भाष्य केले. अहिंसेचे खरे स्वरूप सांगण्यापूर्वी ते हिंसेवर उभ्या असलेल्या अहिंसेची परीक्षा करतात, आणि त्यात त्यांनी घेतलेले एक उदाहरण आयुर्वेदाचे आहे : एका जीवाला वाचवण्यासाठी दुसऱ्याची मुळे खणायची, साल काढायची, त्याला शिजवायचे, आणि या सर्वाला जीवदया म्हणायचे, यातील विसंगती ते निःसंकोचपणे दाखवतात. औषधासाठी मारल्या जाणाऱ्या लोरिसच्या संदर्भात ही परीक्षा आजही तितकीच टोकदार आहे. त्यानंतर अहिंसा ज्याच्या अंगी मुरली आहे तो कसा चालतो, कसा बोलतो, कसा पाहतो आणि त्याचे हात काय करतात, याचे ते क्रमाने वर्णन करतात. सर्व भूतांत परतत्त्व भरलेले असल्यामुळे आपली दृष्टी त्याला रुपेल या शंकेने असा पुरुष बहुधा पाहतच नाही. त्याचे हात सहसा निर्व्यापार असतात, आणि हललेच तर ते नमस्कारासाठी, अभय देण्यासाठी किंवा आर्ताला हळुवारपणे स्पर्श करण्यासाठी हलतात.

दृष्टीनेही पीडा होऊ शकते हा विचार काव्यातील अतिशयोक्ती म्हणून सोडून देण्याजोगा नाही. लोरिसच्या बाबतीत तो शब्दशः खरा आहे. प्रखर पांढरा प्रकाश त्याच्या डोळ्यांना दिपवतो व त्याचे रात्रीचे व्यवहार थांबवतो, म्हणूनच त्याचा अभ्यास करणारे संशोधक मंद लाल प्रकाशाचा उपयोग करतात. जंगलात रात्री विजेरीचा झोत टाकून छायाचित्र घेणारा हौशी पर्यटक प्राण्याला हातही लावत नाही, आणि तरीही त्याची दृष्टी त्या प्राण्याला ‘रुपते’. ज्ञानेश्वरांनी अहिंसेची सीमा हातापासून डोळ्यापर्यंत नेली, आणि शेवटी सर्व इंद्रियांचे व्यापार मनातून निघत असल्याने ती मनापर्यंत पोहोचवली. वन्य जीवाविषयीच्या नीतीला नेमकी हीच व्याप्ती लागते.

जैन विचारात हीच दिशा अधिक शास्त्रबद्ध रूपात आढळते. सोलापुरात जीवराज गौतमचंद दोशी यांच्या प्रेरणेने सुरू झालेल्या जीवराज जैन ग्रंथमालेने अनेक प्राचीन प्राकृत व संस्कृत ग्रंथ संपादित स्वरूपात उपलब्ध करून दिले, त्यामुळे या विचाराच्या अध्ययनाला जिल्ह्यातच भक्कम आधार आहे. जैन आचारात समिती म्हणजे सावधपणे केलेली कृती आणि गुप्ती म्हणजे मन, वाणी व काया यांना आवरणे, अशा दोन शिस्ती सांगितल्या आहेत. पाहून पाऊल टाकणे ही ईर्यासमिती, तर वस्तू उचलताना व ठेवताना जीवाला बाधा होऊ नये याची काळजी ही आदाननिक्षेपणसमिती. येथे अहिंसा ही आधी स्वतःच्या हालचालीवरची मर्यादा आहे आणि दुसऱ्याला वाचवणे हे नंतर येते. अपरिग्रहाचे व्रत या मर्यादेला आणखी एक बाजू जोडते : जीवावर मालकी सांगणे हाही परिग्रह असल्यामुळे, कितीही प्रेमाने पाळलेला वन्य प्राणी हा पाळणाऱ्याच्या आसक्तीचाच विस्तार ठरतो.

या भूमिकेवर तीन आक्षेप संभवतात आणि त्यांपैकी प्रत्येकाला उत्तर द्यावे लागते. पहिला आक्षेप असा, की अंतर राखण्याची नीती सहजपणे उदासीनतेचे निमित्त होऊ शकते. श्वेतांबर जैनांतील तेरापंथाचे संस्थापक आचार्य भिक्षू यांनी १७६०च्या सुमारास जवळजवळ याच टोकाचा विचार मांडला होता. एका जीवाला बळाने दुसऱ्यापासून सोडवणे ही लौकिक दया असून तिने आत्मिक धर्म साधत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते आणि त्यावर जैन समाजात मोठा वाद झाला. दयेची भावना आणि धर्म या दोन गोष्टी आपोआप एक होत नाहीत, हे त्या विचारातील सत्य स्वीकारले पाहिजे. परंतु मांजर आणि उंदीर यांच्यातील हिंसेत माणूस केवळ साक्षी असतो, तर लोरिसवरील संकट माणसानेच निर्माण केलेले आहे. स्वतः लावलेली आग पाहत उभे राहणाऱ्याला साक्षित्वाचा आधार घेता येत नाही. म्हणूनच जखमी लोरिस रस्त्यावर आढळल्यास त्याला तसाच टाकणे ही अहिंसा नव्हे. मात्र त्याला घरी नेऊन दूध पाजणे हीही दया नव्हे. महाराष्ट्रात वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवून, जाणकार येईपर्यंत गर्दी व प्रकाश दूर ठेवणे, ही आर्ताला अभय देणाऱ्या हाताची खरी कृती होय.

दुसरा आक्षेप जीव आणि जाती यांच्या संबंधाचा आहे. धर्म प्रत्येक जीवाचा विचार करतो, तर संवर्धनशास्त्र जातीचा आणि अधिवासाचा. मग पिंजऱ्यात विक्रीला ठेवलेला एक प्राणी विकत घेऊन सोडवणे पुण्य मानावे की दोष? पाखरे किंवा बकरे विकत घेऊन त्यांना अभय देण्याची रीत भारतात जुनी आहे आणि तिच्यामागील भावना शुद्ध आहे. तथापि वन्य प्राण्याच्या बाजारात प्रत्येक खरेदी ही पुढच्या शिकारीची मागणी होते. विक्रेत्याला घेणारा दयाळू आहे की हौशी, याच्याशी कर्तव्य नसते. एका जीवाला दिलेले अभय जर दुसऱ्या दहा जीवांच्या बंधनाचे कारण होत असेल, तर ते ज्ञानेश्वरांनी तपासलेल्या आयुर्वेदाच्या उदाहरणाच्याच पंक्तीत बसते. येथे जातीसाठी जीवाचा बळी दिला जात नाही. अजून मुक्त असलेल्या जीवांचा विचार दृष्टीसमोरच्या जीवाइतकाच केला जातो, एवढेच.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे : कोणीही हात लावला नाही तरी प्राणी नाहीसा होऊ शकतो. सोलापूर जिल्ह्याने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली नान्नजच्या परिसरासह विस्तीर्ण अभयारण्य घोषित झाले, शिकार थांबली, आणि तरीही आज तो पक्षी तेथे जवळजवळ दिसेनासा झाला आहे. कारण त्याला लागणारे गवताळ माळरान तुकड्यातुकड्यांनी शेती, वसाहत, रस्ते आणि वीजवाहिन्या यांच्याखाली गेले. श्रीपूर येथे १९३०च्या दशकात चंद्रशेखर आगाशे यांनी उभारलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटच्या कारखान्यापासून पुढे ऊस आणि साखर यांनी या कोरड्या तालुक्याला जे स्थैर्य दिले ते नाकारण्याचे कारण नाही; पण सिंचनाने शेतकऱ्याला दिलेली भूमी पूर्वी कोणाची तरी होती, हेही नाकारता येत नाही. शिवाय माळढोकाच्या उदाहरणातून आणखी एक बोध होतो. वृक्षारोपण हे सर्वत्र पुण्यकर्म मानले जाते, परंतु मोकळ्या माळावर लावलेली दाट झाडी माळढोकाला घालवते. उलट लोरिसला मात्र एकही खंड नसलेली झाडी हवी असते. सर्व भूतांसाठी एकच दया पुरत नाही, प्रत्येक भूताच्या जीवनरीतीचे ज्ञान झाल्यावाचून तिला दिशा मिळत नाही, आणि अहिंसेला गीतेने ज्ञानाच्या लक्षणांत स्थान दिले यातील औचित्य येथे प्रत्ययाला येते.

दोडामार्ग परिसरात हीच परीक्षा चालू आहे. रबराच्या लागवडीसाठी मिश्र अरण्य तोडले गेले की हिरवाई तर दिसते, पण एका साच्यातील ओळींत लोरिसला ना कीटकांचे वैविध्य मिळते, ना दिवसा झोपण्यासाठी वेलींची जाळी. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ साली सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीस मनाई केली आणि राज्य शासनाने २०२० साली तिलारीचे सुमारे २९ चौरस किलोमीटर वन संवर्धन राखीव म्हणून घोषित केले. त्यानंतर तामिळनाडूने ऑक्टोबर २०२२ मध्ये करूर व दिंडीगुल जिल्ह्यांतील कडवूर येथे सुमारे ११,८०६ हेक्टरांचे, केवळ कृश लोरिससाठीचे देशातील पहिले अभयारण्य स्थापन केले. दुसरीकडे कर्नाटकात, जेथे या प्राण्याला ‘काडुपापा’ म्हणतात, तुमकुरूच्या शेतबांधांवर आणि बंगळुरूतील भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातही कृश लोरिस आढळतो. माणसाच्या शेजारीही तो राहू शकतो, पण शेजाऱ्याने त्याची वाट तोडता कामा नये, एवढाच त्याचा अर्थ. अंतर म्हणजे माणसाला हद्दपार करणे असा समज त्यामुळे गळून पडतो. बांधावरची जुनी झाडे न तोडणे, रस्त्यावरून फांद्यांची कमान टिकवणे, वीजतारांना आवरण घालणे, ही कामे हातांनीच करावी लागतात. फक्त ते हात प्राण्याकडे न वळता त्याच्या वाटेतील अडथळ्यांकडे वळतात.

यावरून निष्कर्ष असा निघतो, की भूतदयेचे दोन प्रकार स्पष्टपणे वेगळे ओळखले पाहिजेत. माणसाच्या आश्रयाला आलेल्या जीवाची दया सान्निध्याने होते, आणि मुक्त जीवाची दया संयमाने होते. दोहोंची गल्लत केल्यास पहिल्याच्या बाबतीत निष्ठुरता आणि दुसऱ्याच्या बाबतीत क्रौर्य घडते. लोरिस कधीही न पाहिलेल्या श्रीपूरच्या रहिवाशाचेही या दुसऱ्या दयेत कर्तव्य आहे, आणि ते त्याच्या आवाक्याबाहेरचे नाही. वन्य प्राण्याला कुरवाळणारी, कपडे घालणारी किंवा खाऊ भरवणारी चित्रफीत भ्रमणध्वनीवर आली, तर ती पुढे पाठवू नये. त्याच्या अवयवांचे औषध वा तोडगा कोणी सुचवल्यास तो नाकारून पोलिसांना व वन विभागाला कळवावे. आणि वारीच्या वाटेवर ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय वाचला जाईल, तेव्हा त्यातील निर्व्यापार हातांचे वर्णन आजच्या माणसालाही उद्देशून आहे, असे समजून वाचावे.